दंतवैद्यांचा संघ आणि त्यांची नोंदवही

मंडळी, दाढदुखी पाटलाला सोडीत नाही आणि पोस्टमनलाही सोडीत नाही. दिवसा माणूस कसाबसा काम रेटतो. रात्र पडली, घर निजले, की दाढ जागी होते. मग लवंग दाताखाली धरून होते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, शेजारीपाजारी सांगतील ते सारे करून होते. पहाटेच्या सुमाराला माणूस ठरवतो, की आता ही काढलीच पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो, की कोणाकडून?

या ‘कोणाकडून’चा इतिहास आज मी तुम्हांला सांगणार आहे. दात काढणाऱ्यांनी आपला संघ कसा बांधला, आपल्या धंद्याला नियम कसे लावून घेतले, कोणते ठराव टिकले आणि कोणते मोडले, ती ही कथा आहे. वरवर पाहता ही दंतवैद्यांची घरगुती बाब वाटेल. पण ज्या गावात विकास सोसायटी आहे, दूध संस्था आहे, शाळेची समिती आहे, त्या गावाला ही कथा परकी वाटायची नाही.

आधी सुप्याच्या बाजारात जाऊ. बारामती तालुक्यातले सुपे म्हणजे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतले सुपे. जुने आणि नामांकित बाजाराचे गाव. अशा बाजारगावी पूर्वी कापडवाला, भांडेवाला, बांगडीवाला यांच्या रांगेत दात काढणाराही बसत असे. पुढ्यात फडके, फडक्यावर दोनचार चिमटे आणि शेजारी उपटलेल्या दातांची रास. ती रास हेच त्याचे प्रमाणपत्र. कुठे न्हावी दात काढी, कुठे वैदू काढी, कुठे लोहाराच्या सांडशीनेही काम भागे. त्यांतले काहीजण हाताचे खरोखर कसबी असत आणि कित्येकांचा दुवा घेऊन जात. पण कसबी कोण आणि अडाणी कोण, हे गिऱ्हाइकाला आधी कळायचा काहीच मार्ग नव्हता. कळे ते दात निघाल्यावर, आणि कधी कधी जबडा सुजल्यावर.

सुप्याचे नाव इतिहासात आणखी एका कारणाने कोरलेले आहे, हे येथे बसलेल्या गुरुजींना ठाऊक असेल. १२ मे १८७५ रोजी याच गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि कर्जरोख्यांची, वह्यांची होळी केली. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात मोडत असे. तेथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते तेव्हा तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातउसने मुबलक मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, वर सरकारने सारावाढ केली. शेतकऱ्याच्या गळ्याशी फास आला तो एका कागदाचा, ज्यावर त्याचा अंगठा होता आणि ज्यातले एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हते.

आता दातांच्या गोष्टीत हे बंड कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण त्या बंडावर निघालेल्या उपायात आहे. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात एक तरतूद अशी होती, की शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, घरात बसून परस्पर नव्हे. म्हणजे काय झाले? जी गोष्ट दोघांपैकी एकालाच कळत होती, ती तिसऱ्या माणसाच्या देखत उघड्या वहीत आली. त्याने सगळे दुःख संपले, असे कोणी म्हणणार नाही. पण अडाण्याला शहाण्यापासून सांभाळायचे असेल तर उघडी नोंद लागते, हे तत्त्व त्यातून रुजले. दुखऱ्या दाढेचा माणूस आणि दात काढणारा यांचेही नाते तसेच आहे. एकाला सारे कळते, दुसऱ्याला फक्त दुखते.

दात काढणाऱ्यांनी स्वतःला नियम लावून घेण्याचा पहिला मोठा खटाटोप अमेरिकेत झाला, आणि तो फसला. तो कसा फसला हे ऐकण्यासारखे आहे. सुप्याच्या दंग्याच्या पस्तीस वर्षे आधी, म्हणजे १८४० साली, अमेरिकेत बाल्टिमोर येथे दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय निघाले आणि त्याच साली तेथल्या शिकलेल्या दंतवैद्यांनी आपला राष्ट्रीय संघ स्थापला. हेतू चांगला होता. फिरत्या भोंदूंपासून लोकांना वाचवायचे आणि धंद्याची अब्रू राखायची.

त्यांच्यापुढे एक ताजे उदाहरणही होते. १८३३ च्या सुमारास क्रॉकोर नावाचे बंधू न्यूयॉर्कला आले होते. चांदी आणि पारा यांचे मिश्रण ते दाताच्या भोकात भरीत आणि त्याला राजेशाही थाटाचे नाव देऊन विकीत. कीड न काढताच वरून भरण केले, तर आतून दात कुजायचाच. लोक चिडले आणि बंधू चालते झाले. पण मिश्रण मात्र मागे राहिले. ते स्वस्त होते. सोन्याचे भरण ज्याला परवडत नाही त्याचा दात त्याने वाचत असे. म्हणून पुष्कळ प्रामाणिक दंतवैद्य ते नीट साफसफाई करून वापरू लागले.

संघाच्या धुरीणांना मात्र पाऱ्याचे नावही नको होते. १८४५ साली त्यांनी ठराव केला, की प्रत्येक सभासदाने प्रतिज्ञापत्रावर सही करावी, की मी हे मिश्रण कोणत्याही परिस्थितीत वापरणार नाही. सही न करील तो संघाबाहेर. झाले! शास्त्राचा प्रश्न होता तो सहीचा झाला. मिश्रण चांगले की वाईट, कोणत्या दाताला चालते, किती दिवस टिकते, याचे प्रयोग करून निर्णय करण्याऐवजी माणसे मोजली जाऊ लागली. कोणाला काढून टाकले, कोणी आपण होऊन गेले. १८५० साली संघाने तो ठराव मागे घेतला, पण तोवर घर फुटले होते. १८५६ साली संघच विसर्जित झाला. पुढे १८५९ साली नायगरा धबधब्यापाशी सव्वीस प्रतिनिधी जमले आणि त्यांनी नवा संघ उभारला. तो अजून चालू आहे.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की बहुमत आहे म्हणून ज्ञानाचा प्रश्न हात वर करून सुटत नाही. दुसरी ही, की धाकाने घेतलेली सही कागदावर राहते, मनात उतरत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवायला नको. आणि गंमत पाहा, पाऱ्याचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. २०१३ साली पाऱ्याविषयी जो मिनामाता करार झाला, त्यात दातांच्या भरणातला पारा हळूहळू कमी करावा असे अनेक राष्ट्रांनी मान्य केले. भारतही त्या करारात आहे. पण ते ठरले पर्यावरणाचा अभ्यास करून, पर्याय हाताशी आल्यावर आणि सर्वांशी बोलून. तोच प्रश्न, पण सोडवण्याची रीत वेगळी.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतात दंतवैद्यांना एकत्र बांधण्याचे श्रेय प्रामुख्याने एका माणसाकडे जाते. त्यांचे नाव डॉक्टर रफिउद्दीन अहमद. जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधला. अलीगढला शिकून ते अमेरिकेत गेले, आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांनी १९१५ साली घेतली आणि पुढे बोस्टनला मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काम केले. १९१९ साली परत आले. दुसऱ्याच वर्षी, १९२० साली, त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. पैसा कोठून आणला? तर कलकत्त्यात त्यांनी सोडा-सरबताचे दुकान थाटले होते, त्याच्या मिळकतीवर महाविद्यालय चालवले. लोकांना गोड पेय पाजून त्यांच्याच दातांची सोय केली, असे कोणी थट्टेने म्हणेल. पण सरकारी मदतीची वाट पाहत बसले नाहीत, हे खरे. त्या महाविद्यालयातून शिकून फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना घातला. आपल्या मुंबईतही १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले.

महाविद्यालय झाले तरी बाजारातले फडके होते तेथेच होते. शिकलेला आणि न शिकलेला एकाच पाटीखाली बसू शकत होता. डॉक्टर अहमदांनी ओळखले, की एकट्यादुकट्याने हे व्हायचे नाही. त्यांनी दोन कामे हाती घेतली. बंगालमध्ये दंतवैद्यांचा संघ स्थापला आणि १९२५ साली दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू करून ते वीस वर्षे स्वतः संपादन करीत चालवले. आधी वाचायला लावले, चर्चा करायला लावली, मग नियमाची भाषा काढली. अमेरिकेतल्या त्या पहिल्या संघाने जे उलटे केले ते येथे सुलटे झाले. त्या खटपटीचे फळ म्हणून १९३९ साली बंगालमध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. पुढे अखिल भारतीय संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

सबंध देशाची स्थिती मात्र बिकट होती. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. १९४६ च्या तिच्या अहवालात शिकलेल्या दंतवैद्यांचा आकडा होता अवघा एक हजार. म्हणजे तीन लाख माणसांमागे एक! सगळा तालुका एका माणसापुढे तोंड उघडून बसला, तरी त्याची पाळी पुरी व्हायची नाही.

अशा वेळी २९ मार्च १९४८ रोजी दंतवैद्य कायदा अमलात आला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. कायदा करणाऱ्यांपुढे पेच असा होता: जे पदवीधर आहेत त्यांनाच धंदा करू द्यावा, तर देशात हजारच माणसे उरतात. आणि जे वर्षानुवर्षे गुरूच्या हाताखाली शिकून, नाहीतर बापाकडून कसब घेऊन पोट भरतात, त्यांच्या चुलीचे काय? इंग्लंडात १९२१ साली हाच पेच पडला होता. तेथे काही वर्षे हा धंदा केलेल्यांना पदवी नसतानाही नोंदवून घेतले आणि मग दार बंद केले. आपणही काहीशी तीच वाट धरली.

नोंदवहीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात मान्य पदवीचे दंतवैद्य. ‘ब’ भागात ज्यांना पदवी नाही, पण निदान पाच वर्षे हाच ज्यांच्या उपजीविकेचा मुख्य धंदा होता, असे. आणि नुसते नाव लिहून त्यांना कोपऱ्यात बसवले नाही. राज्याच्या परिषदेत ‘अ’ भागाने आपल्यातून चार सभासद निवडायचे आणि ‘ब’ भागानेही आपल्यातून चारच निवडायचे, अशी तरतूद ठेवली. विलायतेहून पदवी घेऊन आलेला आणि बापाच्या हाताखाली शिकलेला एकाच मेजाभोवती बसणार, आणि दोघांच्या खुर्च्या सारख्या!

पदवीधरांतल्या कित्येकांना हे रुचणे कठीणच होते. आम्ही वर्षानुवर्षे शिकलो ते कशासाठी, हा त्यांचा सवाल खोटा म्हणता येत नाही. पण दुसऱ्या बाजूनेही विचार करा. जुन्या माणसांना एकदम बेकायदा ठरवले असते, तर ते नाहीसे झाले नसते. लपून बसले असते. वहीत आल्यामुळे ते नियमाखाली आले. चूक केली तर नाव कापले जाईल, हा धाक त्यांनाही लागला. शिवाय ‘ब’ भाग हा वाहत्या झऱ्यासारखा नव्हता. जुने होते ते घेतले. पुढच्या पिढीला शिक्षणाचेच दार. होता होता ‘ब’ भागातली नावे वयोमानाने कमी होत गेली. कोणाचे पोट न मारता एका पिढीत धंद्याचे रूप पालटले. माझ्या मते या सबंध कथेतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

आणि याच कायद्यात आपल्या खेड्याची आठवण ठेवणारे एक कलम होते. नोंदणी नसलेल्याने दंतवैद्यकी करू नये, असा दंडक घालून झाल्यावर पुढे अपवाद दिले आहेत. त्यांतला एक असा, की निकड असेल आणि नोंदलेला दंतवैद्य मिळत नसेल, तर कोणीही माणूस दात काढू शकेल. मात्र भूल देता कामा नये, सगळ्या अंगाची नाही आणि जागेपुरतीही नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला आडवळणाचे गाव, पावसाने तुटलेला रस्ता आणि मध्यरात्रीची दाढ दिसली होती, असे हे कलम वाचताना वाटते. भूल का नको? तर भुलेच्या औषधाने जीव जाऊ शकतो. ते जाणत्याच्याच हाती हवे. वेदना सोसून दात निघेल, पण अडाण्याच्या सुईने माणूस जायला नको, हा त्यातला हिशेब.

येथे एक घोळ नेहमी होतो तो उलगडतो. दंतवैद्यांचा संघ वेगळा आणि दंत परिषद वेगळी. संघ म्हणजे आपल्या गावची तालीम समजा. ज्याला यायचे तो येतो, वर्गणी देतो, चार डाव शिकतो, आपसांत पंच निवडतो. संघाच्या गावोगाव शाखा असतात, त्यांवर राज्य शाखा आणि वर मुख्य कचेरी. सभा, व्याख्याने, नियतकालिक, शिबिरे ही त्याची कामे. फार तर तो एखाद्याला सभासदत्वावरून काढील. परिषद म्हणजे ग्रामपंचायत. ती कायद्याने उभी आहे. तिच्या वहीतून नाव गेले, तर धंदाच गेला. तालमीने धाक दाखवू नये आणि पंचायतीने नुसती कुस्ती खेळू नये. दोघांनी आपापली पायरी ओळखली, तरच गावाचे चालते.

परिषदेने पुढे वर्तनाचे नियमही केले. १९७६ च्या नियमावलीने दंतवैद्याला जाहिरातबाजी मना केली. गिऱ्हाईक धाडल्याबद्दल दलाली देणे-घेणे गैर ठरवले. नियम कागदावर चांगले आहेत. त्यांची परीक्षा होते ती आपलाच स्नेही, आपल्याच शाखेतला माणूस ते मोडतो तेव्हा. आपल्या सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत चेअरमनचा भाऊ असला की काय होते, ते तुम्ही पाहिलेले आहे. धंद्याने स्वतःवर राज्य करावे ही मोठी गोष्ट आहे. पण त्यासाठी आपल्या माणसाविरुद्ध ठराव लिहिण्याची छाती लागते.

दरम्यान काळ पालटला. तीन लाखांमागे एक दंतवैद्य होता त्या देशात खाजगी दंत महाविद्यालयांचे पीक आले. इतके, की १९९३ साली कायदा दुरुस्त करून केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून नवे महाविद्यालय काढता येणार नाही, असे ठरवावे लागले. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. आणि २०२३ साली संसदेने जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. जुन्या परिषदेत निवडून येणाऱ्यांना मोठे स्थान होते. नव्या रचनेत निवड समितीने शोधून नेमलेल्या माणसांवर भर आहे. निवडणुकीत गट पडतात, हे खरे. नेमणुकीत सरकारचा हात जड होतो, हेही खरे. कोणती रीत बरी, हे पुढची वर्षे सांगतील. रीत कोणतीही असो, वही उघडी राहिली पाहिजे.

पण मंडळी, एवढी नावे वहीत चढली तरी ती नांदतात कोठे? बहुतेक शहरांत. शहरातल्या एका रस्त्यावर दातांच्या चार पाट्या दिसतील आणि चार गावांत मिळून एक दिसणार नाही. आणि इकडे आपल्या घरांत काय चालले आहे? पुण्या-साताऱ्याच्या खेड्यांतून किती आयाबाया अजून पहाटे चुलीपाशी बसून मिश्री लावतात! तव्यावर तंबाखू जाळायची आणि ती हिरड्यांना चोळायची. दात घासल्यासारखे वाटते, पण आत जाते तंबाखूच. हिरड्या सुटतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. सरकारने गुटख्यावर २०१२ साली बंदी घातली. चुलीवरच्या मिश्रीवर बंदी कोण घालणार? येथे कायद्याचा हात पोचत नाही. येथे शिक्षक पोचतो, शाळेतली लेक पोचते, आणि मनात आणले तर दंतवैद्यांच्या संघाचे शिबिर पोचते. संघाच्या ठरावांचे खरे माप मी येथे लावीन. सभेत टाळ्या किती पडल्या यावर नको, सुप्याच्या बाजारातली म्हातारी तोंडातला चट्टा वेळेवर कोणाला तरी दाखवू शकली की नाही, यावर.

शिक्षकांना एक विनंती करतो. १८७५ चा धडा शिकवताना रोखे जाळले एवढ्यावर थांबू नका. जाळल्यानंतर लोकांनी काय मागितले आणि काय मिळाले, तेही सांगा. मुलांना समजू द्या, की वही ही जाळण्याची वस्तू नाही, उघडून वाचण्याची आहे. आणि तुम्हां बाकीच्यांना सांगणे एवढेच: दातांच्या दवाखान्यात गेलात, तर भिंतीवरच्या नोंदणीच्या दाखल्याकडे नजर टाका. नंबर दिसला नाही तर विचारा. विचारण्यात अपमान नाही. खरा दंतवैद्य आनंदाने दाखवील, कारण त्या एका ओळीसाठी त्याच्या आधीच्या माणसांनी पुष्कळ वर्षे खटपट केली आहे.

डॉक्टर अहमद पुढे पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ साली ते वारले. आपले महाविद्यालय त्यांनी १९४९ साली सार्वजनिक हाती सोपवले होते. आपण उभे केलेले काम वेळेवर दुसऱ्यांच्या हाती देणे, हाही संस्था चालवण्यातला एक धडाच. आपल्या गावच्या किती संस्थांना तो हवा आहे, ते तुमचे तुम्हीच ठरवा. मी येथे थांबतो. आणि हो, रात्री निजण्यापूर्वी चूळ भरायला विसरू नका.